गोटीराम मढवींची हरकत

“मांडणी सुरू करण्याआधी एक सांगते,” निशिगंधा माइकवर म्हणाली. “रस्त्यावरून लाइट रेल न्यायची ठरली, तर माझ्या सासऱ्यांची इमारत जाते. मीही त्याच घरात राहते. ऑफिसला हे लेखी कळवलंय. निर्णय समितीचा आहे. मी फक्त अभ्यास मांडणार.”

सभागृहात कुजबुज उठली. पहिल्या रांगेत बसलेल्या गोटीराम मढवींकडे माना वळल्या. सासरे म्हणजे तेच.

जुईनगरहून महापेला नवी गाडी भुयारातून न्यायची की रस्त्याच्या मधोमध, याची ही जनसुनावणी होती. वाटेतल्या गावठाणाला भुयारी मेट्रो हवी होती आणि गावाच्या वतीनं गोटीराम बोलणार होते. बोलण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. गावदेवीची पालखी कुठून न्यायची, शाळेला जाणाऱ्या पोरांनी रूळ कसे ओलांडायचे, सगळे मुद्दे त्यांनी घासूनपुसून तयार ठेवले होते.

सून याच कामावर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. “बाबा, घरात हा विषय नको,” असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि त्यांनी तो काढलाही नव्हता. पण मनातून वाटायचं, पोर घरचीच आहे. थोडं इकडचं तिकडं करील.

तिनं तसं काही केलं नाही. “आपलं शहर खाडीच्या भरावावर उभं आहे,” ती म्हणाली. “भुयार खणता येईल. अशक्य नाही. पण जेवढ्या काळात आणि जेवढ्या पैशात एक भुयारी मार्ग होईल, तेवढ्यात लाइट रेल जुईनगर-महापे तर जोडतेच, वर खांदेश्वरलाही पोचते. तोटाही सांगते. गावठाणाजवळ रस्ता अरुंद आहे. तिथे घरं जातील.” आवाज जरासुद्धा कापला नाही.

“शेठ, सूनच घर पाडायला निघाली की!” मागून विपुल ओरडला. तो गावातलाच, बांधकामाची कंत्राटं घेणारा. “आता बोला!”

हशा पिकला. निशिगंधानं नजर खाली घातली नाही. गोटीराम उठले आणि माइककडे चालू लागले. मागच्या रांगा पुढे सरसावल्या. शेठ आता सुनेला उभी चिरणार, असंच सगळ्यांना वाटलं.

गोटीरामांना नुकतं मिसरूड फुटत होतं, तेव्हा या शहरासाठी गावच्या जमिनी गेल्या. तेव्हाही असंच व्यासपीठ होतं, असेच नकाशे होते. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. किती माणसं येऊन बोलून गेली. तुमच्याच भल्याचं आहे, म्हणाली. त्यात त्यांचं स्वतःचं काय होतं, हे मात्र एकानंही सांगितलं नव्हतं. ते सांगणारं माणूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं. आणि ते त्यांच्याच घरातलं निघालं.

त्यांनी माइक हातात घेतला. पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं.

“मी पालखीचं बोलनार होतो,” ते म्हणाले. “पोरांच्या शालेचं बोलनार होतो. ते खोटं नाय. पन त्याच्यासाठी मी हितं आलो नाय. माजी चार मजली इमारत हाय. खाली दुकानं, वर भाडोत्री. ती वाचावी म्हनून मना भुयारी पायजे. आता ज्याला बोलायचाय, त्यानं आधी आपलं काय हाय ते सांगावं. माज्या सुनंनं सांगितलं तसं.”



मग अभय उठले. हे एका टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सकाळपासून ते स्वच्छ हवेसाठी लाइट रेलच कशी हवी, हे हिरिरीनं सांगत होते. “आमच्या गेटसमोर स्टेशन येतंय,” ते घसा खाकरून म्हणाले. “फ्लॅटचे भाव वाढतील. तेही एक कारण आहे.” या वेळचा हशा निराळा होता.

खांदेश्वरची जागृती उठली. “माझं घर जात नाही, भाव वाढायला फ्लॅटही नाही. रोज महापेला कामाला जाते, रिक्षा बदलून बदलून जीव जातो. जे आधी होईल ते करा.”

एकेक जण उठत गेला. कोणी हरकत सांगितली, कोणी गरज. सुनावणी सकाळीच सुरू झाली होती. चर्चा आत्ता कुठे सुरू झाली. विपुल मात्र शेवटपर्यंत उठला नाही.

संपल्यावर गोटीराम हरकती नोंदवणाऱ्या टेबलापाशी गेले. इमारत बहुधा जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. तरी छाती पुढे होती. थोड्या अंतरावर निशिगंधा नकाशे गुंडाळत होती.

“हरकत मागे घेतली, असं लिहू का काका?” टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

“नाय. हरकत हाय तशी ठेवा. कारन बदला. इमारत जाते म्हनून, असं लिवा.”

“नाव?”

“गोटीराम नामा मढवी.”

ती पुढचं नाव पुकारणार, तोच त्यांनी टेबलावर बोट ठेवलं.

“थांब पोरी. सगलं सांगायचं म्हनलं तर नातंबी सांगाया पायजे,” ते म्हणाले, दूरवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “नावापुढं लिव, निशिगंधाचा सासरा.”