विनुताचा व्ही

टीव्हीतल्या बाईंनी घसा खाकरला आणि मेलवीदी गल्लीतल्या त्या घरात सगळे गप्प झाले. गप्प म्हणजे तंजावूरच्या मानाने. बाहेर टाऊन बस हॉर्न वाजवत होती, आत कुकर शिट्ट्या देत होता आणि शेजारचे सांबशिव वायर धरून टीव्हीमागे वाकून, दिसतंय का, दिसतंय का, असं तमिळमधून विचारत होते. दिसत होतं. परदेशातल्या एका नगरपालिकेचं सभागृह, शपथ घ्यायला जमलेली माणसं, आणि तिसऱ्या ओळीत हिरव्या रेशमी साडीतली विनुता. तिच्या एका बाजूला नवरा भरद्वाज, मांडीवर तिथेच जन्मलेली कीर्तना.

भागीरथीबाईंचे पाय आज जमिनीवर नव्हते. लेक, जावई, नात, तिघंही तिकडची नागरिक होणार होती. गल्लीभर सांगून झालं होतं, भाजीवालीला तर दोनदा. पहाटे उठून त्यांनी रव्याची केसरी केली, ती अपशकुनासारखी जरा करपली, तर दुसरी केली.

वेंकटराव मात्र लग्नघरातल्या रुसलेल्या व्याह्यासारखे आरामखुर्चीत बसले होते. नवी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, बायकोने हट्टाने नेसायला लावली होती.

त्यांचा राग त्या देशावर नव्हता. देशाचं नाव त्यांच्या जिभेवर कधी नीट बसलंच नाही. ते त्याला नुसतं तिकडे म्हणत. विनुताची कंपनी चेन्नईची, साहेब चेन्नईचा, पगार चेन्नईचा, आणि ती बसायची तिकडे, समुद्रापलीकडे. का, तर लॅपटॉपवर लांबची नोकरी करणाऱ्यांना तिकडे म्हणे वेगळा व्हिसा मिळतो. लोक नोकरीजवळ राहायला गाव सोडतात, या पोरीने नोकरीपासून लांब राहायला देश सोडला, असं सांगून त्यांनी गल्लीला पुष्कळ हसवलं होतं. व्हिसाचा पुढे कायमचा परवाना झाला, परवान्याचं नागरिकत्व होत आलं, तेही त्यांनी पचवलं.

राग होता एका अक्षराचा. या घराला आडनाव नाही. पूर्वज मराठे राजांच्या मागोमाग इकडे आले, तेव्हा ते वाटेत कुठेतरी सांडलं आणि पुढे इथलीच रीत अंगवळणी पडली. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर मुलीच्या नावाआधी लागतं. लग्न झालं की तिथे नवऱ्याचं येतं. एकुलती एक विनुता शाळेत व्ही. विनुता होती, कॉलेजातही व्ही. विनुता. लग्नाच्या वेळी वेंकटरावांनी मान खाली घालून विचारलं होतं, आता बी. विनुता का? ती म्हणाली होती, बघू. त्या एका बघूवर बाप इतकी वर्षं खुशीत होता. आणि गेल्या आठवड्यात तीच फोनवर हसत म्हणाली, "तेथें इनिशियल म्हणून कांहींच नाहीं, अप्पा."

ती पुढेही बोलत होती, पण यांनी फोन बायकोच्या हातात दिला. संपलं. आपल्यामागे आपल्या नावाचं टिंबसुद्धा जगात उरणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. भागीरथीबाईंनी मात्र पुढचं सगळं ऐकलं, पदर तोंडाला लावून हसल्या आणि नवी वेष्टी आणायला बाजारात गेल्या.

टीव्हीतल्या बाई नावं पुकारू लागल्या. ज्याचं नाव येई तो उठे, टाळ्या पडत. तिकडे आडनाव आधी घेत.

"वें-का-ता-रा-ओ," बाई म्हणाल्या.

वेंकटराव ताडकन उठले. नाव पुकारलं की उभं राहायचं, ही कलेक्टर ऑफिसातल्या जन्मभराच्या नोकरीची सवय. तोंडातून "येस सार"ही निघून गेलं. तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, विनुता, आणि पडद्यावर हिरवी साडी उभी राहिली.

सांबशिवांना हसू आवरेना. त्यांच्या हातून वायर सुटली, चित्र गेलं, पुन्हा आलं. मधल्या मध्ये भागीरथीबाईंनी सांगून टाकलं. तिकडे टिंबाचं अक्षर चालत नाही, पुरं आडनाव लागतं. पोरीने व्ही पुसला नव्हता, उलगडून लिहिला होता. तिकडचा पोस्टमन, दातांचा डॉक्टर, घरमालकीण, सगळे तिला वेंकटरावबाई म्हणतात. आणि वेंकटराव स्वतः तिरुच्चीच्या पुढे कधी गेले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. ते खुर्चीत टेकणार, इतक्यात बाईंनी पुन्हा तेच पुकारलं.

"वें-का-ता-रा-ओ, भरद्वाज."

जावई उठला आणि त्याने कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. वेंकटराव पुन्हा उभे.

"अगे," त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "जांवयाला माझं नांव?"

भागीरथीबाईंनी मान हलवली. घराला एकच नाव असलं तर बरं, असं दोघांनी ठरवलं आणि हेच घेतलं. लग्नानंतर अक्षर बदलायचं, ती रीतही पाळली गेली होती. फक्त या खेपेला ते नवऱ्याचं बदललं होतं. भरद्वाजच्या आईवडिलांना हे अजून कळायचं होतं, पण ते उद्याचं उद्या.

वेंकटरावांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मग वेष्टीच्या सोग्याने डोळे पुसत ते मागच्या मागे खुर्ची चाचपू लागले. भागीरथीबाईंनी चमचाभर केसरी त्यांच्या तोंडात कोंबली आणि कोपराला धरून त्यांना सरळ उभं केलं.

"बसूं नका," त्या म्हणाल्या. "कीर्तना राहिलीय."