तिसऱ्या दाण्यावरचा ओरखडा

रुपयावरच्या कणसात, तिसऱ्या दाण्यावर, एक आडवा ओरखडा होता आणि त्यात तिखटाचा बारीक लाल कण अडकला होता. हेमांगीने भिंग जरा वर घेतलं, पुन्हा खाली आणलं. कण तिथेच होता.

"काय म्हणता मॅडम? दुर्मिळ आहे?" खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या दीपकने विचारलं.

दोंडाईच्याला त्याचं मिरचीचं दुकान. गल्ल्यात आलेलं एखादं जुनं नाणं तो बाजूला काढायचा आणि रविवारी गाडी धरून धुळ्याला यायचा. हेमांगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. फुलांचं भिंग नाण्यांनाही चालायचं. नाण्यावरच्या सालाखाली ठिपका असला तर टांकसाळ नोएडाची, चौकट असली तर मुंबईची, चांदणी असली तर हैदराबादची, काहीच नसलं तर कोलकात्याची. झिजलेली चौकट ठिपक्यासारखी दिसते आणि हौशी माणूस तिथेच फसतो. हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

दिवाळीत दोघांची सोयरीक निघाली होती. "विचार करते," ती म्हणाली होती. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची सवय. आता श्रावण लागला होता.

"हाऊ दर आइतवारले रुपया लई येस," स्वयंपाकघरातून आईचा, पुष्पाबाईंचा, आवाज आला. "संगे एक नारय लई उना तर बठ्ठं काम व्हई जाई!"

सोयरीक पक्की करायची तर हातावर रुपया आणि नारळ ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत; रुपया तर दर रविवारी येतच होता, सोबत नारळ तेवढा यायचा राहिला होता. दीपकचे कान त्याच्या दुकानातल्या मालासारखे लाल झाले.

"ताईने चोपड्याचं स्थळ बघितलंय," तो खाली बघत म्हणाला. "पुढच्या रविवारी मुलगी पाहायला चल म्हणते. मग इकडे येणं काही बरं दिसणार नाही."

हेमांगीने वही ओढली. प्रत्येक नाण्याची ती नोंद ठेवायची. दोन-तीन पानं उलटली.

"हा रुपया होळीच्या आधी आला होता. अक्षय्य तृतीयेलाही. तेव्हा ओरखड्यात तिखट जास्त होतं."

दीपक रुमाल शोधू लागला. तो मांडीवरच होता.

"गल्ल्यात जुनी नाणीच येत नाहीत आता," तो शेवटी म्हणाला. "पाव किलो मिरची घेणारासुद्धा मोबाइल पुढे करतो. मग काय आणू? हाच आणला, पाच वेळा. तुम्हाला दोनदाच कळलं."

"पाचही वेळा कळलं. वहीत आहे."

"आणि तरी दर वेळी अर्धा-अर्धा तास तपासत होतात?"

हेमांगीने भिंगाची काच पदराने पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"मग एवढं तरी सांगा," दीपक म्हणाला. "दुर्मिळ आहे की नाही?"

"नाणं अगदी साधं आहे. अशी कोट्यवधी पाडलीत."

मान हलवून त्याने रुपया परत घ्यायला हात पुढे केला. दर रविवारी ती नाणं कागदाच्या पुडीत बांधून द्यायची. आज तिने तो मुठीत घेतला आणि मूठ मिटली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आई," हेमांगी म्हणाली, "रुपया मी ठेवून घेतलाय. घरात नारळ आहे का?"