दुसरी सिरिंज

हिमोग्लोबिन सहा. काल साडेदहा होतं. सर्जननं रिपोर्ट दोनदा वाचला, तीन नंबरच्या खाटेकडे पाहिलं आणि फोन उचलून थिएटर रिकामं आहे का ते विचारलं. पोटात रक्तस्राव होतोय, आतला टाका सुटला असावा, पुन्हा उघडावं लागेल, असं तो भराभर सांगत होता.

दोन पावलांवर उभी असलेली सिस्टर चादरीची घडी घालता घालता थांबली.

तीन नंबरवर शिंपीकाका होते. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते आणि तेवढ्यात त्यांना इतक्या वेळा टोचून झालं होतं, की डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. काल त्यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं, आता एक जरी सुई टोचलीत तर नळ्याबिळ्या उपटून घरी जाईन. लेक समजावून थकली. काका ऐकणाऱ्यातले नव्हते. आयुष्यभर सुई चालवली, म्हणाले, पण कापडाला असं कधी रडवलं नाही.

म्हणून सिस्टरनंच मेट्रनच्या मागे लागून परवानगी काढली होती. रक्त सलाईनच्याच नळीतून घ्यायचं, नव्यानं टोचायचं नाही. सलाईन दोन मिनिटं बंद ठेवायचं. पहिल्या सिरिंजमध्ये येईल ते टाकून द्यायचं, कारण त्यात सलाईन मिसळलेलं असतं आणि रक्त पातळ दिसतं. दुसऱ्या सिरिंजमधलं ट्यूबमध्ये भरायचं. मेट्रननं नाक मुरडलं होतं. असले लाड एक दिवस अंगाशी येतात, म्हणाली होती.

आज सकाळी सगळं नीट चाललं होतं. भरलेल्या दोन्ही सिरिंज ट्रेमध्ये शेजारी शेजारी होत्या. तेवढ्यात पाच नंबरच्या बाई खाटेवरून उतरताना धडपडल्या आणि सिस्टर धावली. परत आली तेव्हा कुणीतरी ट्रे फिरवून बाजूला सरकवला होता. घाईघाईत तिनं एका सिरिंजमधलं रक्त ट्यूबमध्ये भरलं आणि दुसरी डब्यात टाकली. भरलं ते कोणत्या सिरिंजमधलं, हे आता काही केल्या आठवेना. तेव्हापासून तिचा पाय ठरत नव्हता. नीट असलेल्या चादरी ती पुन्हा नीट करत होती.

स्ट्रेचर आलं. लेकीच्या हातात सहीचा कागद आला. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पोट उघडलं असतं, आत काही सापडलं नसतं, खात्री तरी झाली म्हणून पुन्हा शिवलं असतं. आणि बोललं, आणि आत खरंच रक्त वाहत असलं तर? तेवढा वाया गेलेला वेळ कुठून आणायचा?

"सर," ती म्हणाली, "मी बहुतेक चुकीच्या सिरिंजमधलं रक्त पाठवलंय."

"बहुतेक?"

"खात्री नाही. पण मला तसं वाटतंय."

सर्जन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं काकांचं पोट दाबून पाहिलं, नाडी मोजली, घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं देतो, म्हणाला, टोचून ताजं घ्या. मेट्रन दारात येऊन उभी राहिली होती.

राहता राहिले काका. सिस्टरनं त्यांना आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चूक माझी आणि सुई तुम्हाला, म्हणाली. नाही म्हणालात, तर तुम्हाला आत नेतील.

काका छताकडे बघत होते. "तुम्ही बोलला नसता, तर कुणाला कळलं असतं?"

"नाही."

मग त्यांनी चादरीखालून उजवा हात बाहेर काढला. या हाताला सुई लावायची नाही, जुन्या डॉक्टरांनी बजावलंय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लिहून घ्यायला लावलं होतं. कोपराच्या आत चांगली टपोरी शीर होती.

"कुठल्या डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही," काका म्हणाले. "कात्रीचा हात आहे. जपून."

एका टोचण्यात रक्त आलं. ट्यूब लॅबमध्ये गेली. सिस्टर कापूस दाबून स्टुलावर बसून राहिली. एरवी ड्यूटीवर ती कधी बसत नसे. काका बोटं उघडत मिटत होते. लेक सही न करता कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाचा. तिसऱ्यांदा सर्जननं घेतला, ऐकून घेतलं, ठेवला.

"साडेदहा," तो म्हणाला.

स्ट्रेचर रिकामं परत गेलं. लेकीला रडू फुटलं.

काकांनी हात हळूच चादरीत घेतला. "तेवढं या हाताचं कुणाला सांगू नका," ते तिला म्हणाले.

सिस्टरच्या मांडीवर फाइल उघडी होती, उजव्या हाताच्या मनाईखाली नव्या ओळीची शाई अजून ओली होती. "लिहिलं, काका," ती म्हणाली.