तिसरा बेस

टेप नव्वद फुटांवर ताणली गेली, पंकजने खुंटी ठोकली, आणि लडकू दांडका घेऊन धावत आला.

"कुणी लावली मोजणी? मला न सांगता मोजणी?"

दामिनीने कपाळावर हात मारला. "काका, मोजणी नाय ही. उद्या मॅच हाय. तिसरा बेस लावतोय."

"बांधावर?"

"नव्वद फूट तिथंच भरतात, मी काय करू!"

वैशाखरे गावात मैदान नाही. भात कापून झालं की पोरी रिकाम्या खाचरांत बेसबॉल खेळतात. चार कोपऱ्यांना चार बेस. मारून पळायचं, चारींवर पाय टेकवायचा, की एक रन. बेसच्या बाहेर असताना समोरच्याने अंगाला चेंडू लावला, की बाद. तीन बेस दामिनीच्या बापाच्या, देवजीच्या खाचरात. तिसरा त्याच्या भावाच्या, लडकूच्या, बांधाशी. हा बांध म्हणजे बारा वर्षांचा अबोला. देवजी म्हणतो लडकूने दोन हात कोरला, लडकू म्हणतो देवजीने. दोनदा सरकारी मोजणी झाली. दोन्ही वेळा उजाडायच्या आत खुंट्या गायब. आजवर पोरी तिसरा बेस अंदाजाने अलीकडेच ठेवायच्या आणि गप खेळायच्या. पण आता फ्रान्सचा क्लब आला होता, त्यांना माप पक्कं हवं होतं. त्यांची कोच क्लेर एका मुलीला उन्हाळाभर फ्रान्सला खेळायला नेणार होती. दामिनीचा पासपोर्ट येऊन पडला होता. तिला दुसरं काहीही नको होतं.

"बेस असो नायतर बैल असो," लडकू म्हणाला, "खुंटी उपट."

क्लेरला दांडका कळला, भांडण कळेना. पंकज, दामिनीचा भाऊ, मुरबाडच्या कारखान्यात सायबांशी बोलून बोलून शिकलेल्या इंग्रजीत तिला समजावू लागला. ती हसली आणि तिने तिच्या क्लबची कथा सांगितली. क्लब एकतीस वर्षांचा. स्वतःची जमीन हातभर नाही. फुटबॉलवाल्यांच्या मैदानावर दर रविवारी सकाळी टेप लावायची, चुन्याची फक्की मारायची, संध्याकाळी सगळं झाडून पुसायचं. नाही पुसलं तर फुटबॉलवाले शिव्या घालतात. एकदा तर त्यांनी हाकललंच. दोन वर्षं हे लोक बाजाराच्या मागे, गाड्या लावायच्या जागेत खेळले. मग परत आले. परत टेप, परत फक्की, परत झाडू.

पंकजने ते मराठीत सांगितलं, लडकूने सगळं ऐकून घेतलं. "एकतीस वर्षं आखतात आन पुसतात?"

"हो," पंकज म्हणाला.

"येडे हायेत." मग त्याने खुंटीकडे पाहिलं. "ही बाई कुणाच्या बाजूची?"

"कुणाच्याच नाय, काका!" दामिनी ओरडली. "तिला तुमचा बांध म्हणजे काय ते पण ठाव नाय!"

लडकूने दांडका खाली टेकवला. तोवर देवजीही येऊन उभा राहिला होता. आजवर जो जो मोजायला आला, तो कुणाच्या ना कुणाच्या घरचा चहा पिऊन आला होता. ही बाई कुणाचाच चहा प्यायली नव्हती. आणि खुंटी पडली होती बरोबर मधोमध. याचाही एक हात जात होता, त्याचाही.

"राहू दे खुंटी," लडकू म्हणाला.

"राहू दे," देवजी म्हणाला.

बारा वर्षांत दोघं एकमेकांशी एवढंच बोलले. दामिनीला वाटलं, सुटलो.

कसलं सुटतेय. सकाळी ती बेस घेऊन आली तर खुंटीच्या जागी चपटा दगड पुरलेला. त्याला शेंदूर. पुढ्यात फुटलेला नारळ, झेंडूची फुलं. दोघे भाऊ अंघोळी करून उभे. आई, चंद्रकला, दगडाला हळदकुंकू वाहत होती.

"आई, हा बेस हाय!"

"हद्दीचा देव बसवलाय, गो. बारा वर्षांनी भाव भावाशी बोलला."

"आमाला त्याच्यावर पाय द्यावा लागतो!"

"देवावर?"

दामिनीचं डोकं फिरलं. "तुमची हद्द, तुमचा दगड, तुमचा शेंदूर! बारा वर्षं भांडलात तेव्हा पण तुमचंच खरं, आता गोड झालात तरी तुमचंच खरं. आमी पोरींनी खेळायचं कुठं, तुमच्या डोक्यावर? एकाला अक्कल नाय या गावात! मी देणार पाय. बघते कोण अडवतो ते."

"दे की," लडकू म्हणाला. "कोण अडवतंय?"

तिने बेसची पांढरी गादी त्या दगडावर आदळली. खरंच कुणी अडवलं नाही. लडकू बांधावर बसला. देवजी त्याच्या शेजारी बसला.

मॅच रंगली. शेवटची पाळी, दोघांचे पाच-पाच. दामिनी दुसऱ्या बेसवर उभी. क्लेर मागे वही घेऊन उभी, नजर दामिनीवर. रविनाने असा काही फटका हाणला की चेंडू थेट करवंदीच्या जाळीत.

"पळ गो, पळ!"

दामिनी पळाली. तिच्याएवढं पळणारं त्या मैदानात कुणी नव्हतं, फ्रान्सचं पण नाही. जाळीतून चेंडू अजून निघत नव्हता. समोर तिसरा बेस. तिथून फक्त नव्वद फूट, की जिंकलं. बांधावर बाप होता, काका होता, आई होती. कुणी अडवायला उठलं नाही.

बेसच्या दोन हात अलीकडे ती थांबली.

जाळीतून चेंडू आला. फ्रान्सच्या पोरीने तो पकडला, चालत चालत दामिनीपाशी आली, काही न कळून जरा थांबली, आणि चेंडू हळूच तिच्या पाठीला लावला.

दामिनी खाली वाकलेली होती. एक बूट काढून झाला होता, दुसऱ्याची नाडी सुटत नव्हती.