जनाज्याची रांग

“फक्त मान हलव,” मार्गोनो म्हणाला. “बाकीचं मी बोलतो.”

दार्सोनो आतल्या दाराकडे बघत होता. आतल्या खोलीत बायका त्याच्या आईला शेवटची आंघोळ घालत होत्या. पाण्याचा आवाज येत होता, कापराचा वास येत होता. पहाटेच मशिदीच्या भोंग्यावरून सुकिनेम गेल्याचं गावाला कळवलं होतं. एरवी अशा वेळी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. आज फाटकाबाहेर सात-आठ जण घुटमळत होते, तेही आत यावं की नाही या विचारात.

कारण मशिदीच्या कमानीवर बॅनर होता. ‘धर्माच्या वैऱ्याला मत देणाऱ्यांच्या जनाज्याची नमाज इथे पढली जाणार नाही.’ धर्माचा वैरी म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा तीन नंबरचा उमेदवार. माणूस मुसलमानच, पण नाताळला चर्चमध्ये जाऊन ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला जेवला होता. बॅनरचं कापड जकार्ताहून आलं होतं. बांबूच्या शिडीवर चढून ते बांधलं दार्सोनोनं. इमाम जुनैदींनी ते काढायला दोनदा सांगितलं, तर एक नंबरच्या उमेदवारासाठी मार्गोनो चालवत असलेल्या प्रचारसमितीनं त्यांनाच विचारलं, “का, तुम्हालाही त्या पंगतीचं आमंत्रण होतं का?”

बॅनर लागल्यावर चारच दिवसांनी कासानकाका वारले. त्यांच्या दारावर तीन नंबरचं पोस्टर होतं. जनाजा मशिदीत आलाच नाही. इमाम, काकांचा मुलगा गिमान आणि दोन पुतणे, एवढ्यांनीच घरी नमाज पढली आणि एवढ्यांनीच जनाजा उचलला. तो समोरून गेला तेव्हा दार्सोनो हाताची घडी घालून मशिदीच्या पायरीवर उभा होता.

आणि त्याची स्वतःची आई गेले दोन आठवडे बाजारात टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकताना येणाऱ्याजाणाऱ्याला तीन बोटं दाखवत होती. सगळ्या गावानं पाहिलं होतं.

“काय अवघड आहे त्यात?” मार्गोनोनं आवाज खाली आणला. “मी सांगेन, आईनं रात्री तुला जवळ बोलावलं, म्हणाली, पोरा, मी चुकले, मी एक नंबरचीच. एवढं कानावर पडलं की चाळीस माणसं नमाजेला उभी राहतील बघ.”

“आणि बॅनर काढला तर?”

“मतदान सतरा दिवसांवर आलंय. आज तुझ्या आईसाठी काढला, तर उद्या प्रत्येकाच्या आईसाठी काढावा लागेल.”

आतून पाण्याचा आवाज थांबला. दार्सोनोनं मान हलवली.

दुपारच्या नमाजेनंतर जनाजा मशिदीच्या अंगणात ठेवला. हिरव्या चादरीवर मोगऱ्याच्या माळा होत्या. माणसं जमली होती, पण भिंतीच्या कडेकडेनं, सावली धरून. कुणी लवंगेच्या सिगारेटी ओढत होते, कुणी उगाच टोप्या सारख्या करत होते. पुढे कुणी येईना. हातपाय धुवायच्या नळापाशी गिमान एकटाच उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मार्गोनो पुढे झाला. “भावांनो, मनात काही ठेवू नका. सुकिनेमकाकूंनी शेवटच्या रात्री मन बदललं. मुलाला तसं सांगितलं. काय दार्सोनो?”

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. एवढीशी मान हलवायची होती. ती हलेना.

“मन बदललं होतं,” तो म्हणाला. “पण काल रात्री नाही. कासानकाकांना नेलं त्या दिवशी. तोवर ती आपल्याच बाजूची होती. संध्याकाळी घरी आली आणि आमच्या दारावरचं एक नंबरचं पोस्टर तिनं ओढून काढलं. मी भांडलो. म्हटलं, त्या माणसानं काय दिलंय तुला? तर म्हणाली, ‘त्याला मी ओळखतसुद्धा नाही. पण तुझ्या बापाला खांदा द्यायला कासान सगळ्यांत आधी आला होता. आणि तू पायरीवर उभा राहून मजा बघत होतास. आता माझं मत तिकडेच.’” त्यानं हिरव्या चादरीकडे पाहिलं. “शेवटपर्यंत तिकडेच होतं.”

मार्गोनोनं सिगारेट पायाखाली चिरडली आणि तो फाटकाकडे चालू लागला. त्याच्यामागे पाच-सहा जण गेले. बाकीचे जागच्या जागी उभे राहिले. ना पुढे, ना मागे.

इमाम जनाज्याशेजारी आले. नेहमीचा प्रश्न त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारला. “लोकहो, ही बाई कशी होती?”

या प्रश्नाला गावात कधी वाट बघावी लागत नाही. तो पुरा व्हायच्या आत सगळे एका सुरात ‘चांगली’ म्हणतात. आज कुणीतरी खोकलं, तेवढंच. इमाम वाट बघत राहिले. दार्सोनोनं डोळे मिटून घेतले.

“ती चांगली होती,” नळापाशी उभा असलेला गिमान म्हणाला. बोलला इमामांशी, पण बघत होता दार्सोनोकडे, आणि ‘ती’ या शब्दावर त्यानं दिलेला जोर सगळ्यांना ऐकू आला.

“चांगली होती,” भिंतीकडून एक म्हातारा म्हणाला. मग आणखी एक. मग बरेच जण. माणसं सावली सोडून उन्हात आली, चपला काढून रांगेत उभी राहू लागली.

नमाज सुरू करायला हात उचलण्याआधी इमामांनी मागे वळून पाहिलं. “रांग सरळ करा. मध्ये जागा ठेवू नका. खांद्याला खांदा.”

पहिल्या रांगेत दार्सोनो आणि गिमान यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. ती भरायला मागून एक जण पुढे आला. इमामांनी हातानंच त्याला थांबवलं. मग ते स्वतःही थांबले, आणि त्यांच्याबरोबर सगळं अंगण थांबलं. दार्सोनोला सरकता येईना. कोणत्या तोंडानं सरकणार? त्यानं मान खाली घातली. डोक्यावर ऊन होतं आणि समोर आई होती.

खाली त्याला दोन अनवाणी पाय दिसले. ते एक पाऊल जवळ आले, आणि गिमानचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला.