वेशीवरचं वाक्य

"आता नाव तेवढं सांगा," शिडीवरून अमर पेंटर पुन्हा ओरडला. कमानीवरचं वाक्य रंगवून झालं होतं, दुरून येणाऱ्यालाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत: 'आधी मला कापा, मग गावात पाय ठेवा.' खाली नावापुरती पट्टी कोरी होती आणि त्या पट्टीपायी अर्धं गाव उन्हात ताटकळत होतं.

निजामाच्या शेवटच्या दिवसांत रझाकारांची टोळी या वेशीवर आली. एक माणूस आडवा आला, हे वाक्य बोलला आणि टोळी माघारी फिरली. एवढं तर इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. भांडण होतं ते बोलणाऱ्याच्या नावावरून. उद्धवराव म्हणायचे, माझे वडील, दौलतराव. धोंडीबा म्हणायचा, माझा आजा. यापायी दोन घरांच्या पंगती बंद झाल्या, पोळ्याला बैलांच्या रांगा वेगळ्या लागल्या, मयतीला खांदा देणंही थांबलं. उद्या सतरा सप्टेंबर, मुक्तिदिन. झेंडा लागणार, कमानीवरचा पडदा निघणार. आज काय तो सोक्षमोक्ष लावायलाच हवा होता.

उद्धवराव निर्धास्त होते. त्यांनी नार्नूरहून जीप करून वडिलांच्या धाकट्या बहिणीला, राहीआत्याला आणलं होतं. त्या काळी ती परकर सावरत या वेशीत खेळणारी पोर होती. तेव्हाचं दुसरं कोणी आता उरलं नव्हतं. आत्या मेली तरी खोटं बोलायची नाही, हे धोंडीबालाही मान्य होतं. तिचा शब्द शेवटचा, असं दोघांनी चारचौघांत कबूल केलं होतं.

खरं तर साक्ष हवी कशाला, असं उद्धवरावांना वाटायचं. त्यांचा बाप देवमाणूस. घरात कापसाचे ढीग, पण हा माणूस जन्मभर गादीवर झोपला नाही; त्याला घोंगडीच बरी. झेंड्याच्या दिवशी लोक हार घेऊन आले, की हा मागच्या दारानं शेतात पसार. आपल्या तोंडून आपला पराक्रम कधी सांगितला नाही. अशा माणसाचं नाव कमानीवर यावं, यासाठी उद्धवरावांनी अर्धं आयुष्य झिजवलं होतं.

त्यांनी आत्याला वाक्य वाचून दाखवलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या आत्यानं मान हलवली.

"असं नव्हतं थे. 'पैले मेरेकू काटो, फिर गाव में पाव रखो.' चांदभाई पिंजारी बोल्ला. माह्या डोळ्यादेखत."

चांदभाई वेशीलगत राहायचा, आत्या सांगत होती. गावाचा कापूस पिंजायचा, गाद्या भरून द्यायचा. आपल्याच धर्माचा माणूस आडवा आलेला पाहून टोळी चाचरली आणि निघून गेली. पुढं गावात पुढारी आले, कोणता वीर बोलला म्हणून विचारू लागले. कोणाचं तरी नाव सांगणं भाग होतं. गावानं दोन सांगितली.

धोंडीबा हसला. म्हातारीला भ्रम झालाय, म्हणाला. गावात पिंजाऱ्याचं एक घर नाही, मग हा चांदभाई गेला कुठं?

"थेच सांगून राह्यली," आत्या म्हणाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. मग रझाकारांचा सूड उगवायला दुसरी टोळी आली. ही आजूबाजूच्या गावांतली, आपलीच माणसं. पिंजाऱ्याचं घर कोणतं, असं विचारत आली. चांदभाई बायकापोरांना पाठीशी घालून याच वेशीत उभा राहिला आणि एकेका दाराकडं पाहू लागला.

आत्या उद्धवरावांकडं वळली. "साऱ्या गावानं कड्या लावल्या. दौलतदादा दाराशी उभा होता, कडीवर हात ठेवून. मी त्याले बिलगून होती. त्यानं कडी काढली नाय, बापू. थे वाक्य दुसऱ्यांदा बोलाचं होतं. बोलाले कोणी नव्हतं."

चांदभाईचं घर जाळलं. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून तो बायकापोरांसह निघून गेला. पोचला की नाही, कुठं पोचला, गावानं कधी विचारलं नाही. तू काऊन सांगितलं नाही इतके दिवस, असं कोणीतरी पुटपुटलं. माहेराची अब्रू होती, आत्या म्हणाली, आणि विचारलं तरी कोणी?

बापाची ती घोंगडी उद्धवरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्याला ते नम्रपणा समजत आले, ती शरम होती. बापाचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

मग धोंडीबा खाकरला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज एवढा मऊ कोणी ऐकला नव्हता.

"अमर, दौलतरावायचं नाव लिही. आमचं काही म्हणणं नाय."

भराभर माना हलल्या. बरोबर आहे, जुनं कशाला उकरायचं, असं जो तो म्हणू लागला. जन्माचं भांडण चहा निवायच्या आत मिटलं. खुर्चीकडं मात्र कोणी पाहत नव्हतं. अमरनं ब्रश रंगात बुडवला.

उद्धवरावांना हवं होतं ते मिळालं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांनी एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. जो तो नजर खाली घालत होता. ते पुढं झाले आणि कमानीखाली, शिडीला पाठ लावून, गावाकडं तोंड करून उभे राहिले.

"आधी मले कापा," ते म्हणाले, "मंग माह्या बापाचं नाव लिहा."