तीन मतं

भिंतीवरच्या नकाशात दामाजीला आपलं गाव लगेच सापडलं. खाडीच्या कडेला हिरवा ठिपका, चांगला गडद. त्याला बरं वाटलं. खोपटच्या एसटी डेपोमागच्या या आमदारांच्या कचेरीत तो सकाळपासून ताटकळत होता. निदान भिंतीला तरी त्याची ओळख होती म्हणायची.

कचेरी सांभाळणारा प्रभाकर तोंडाचा मोकळा. त्याने रंग समजावून सांगितले. हिरवं ते आपलं, लाल ते त्यांचं, पिवळं ते अर्धं-अर्धं. पंच्याऐंशीच्या विधानसभेला मतपेट्या एकेक करून मोजल्या होत्या, त्यामुळे कुठल्या वस्तीने कोणाला किती दिली ते सगळं उघड होतं. आपल्या गावची पेटी तर दामाजीने टेबलाशी बसून मोजताना पाहिली होती. चारशे पंधरा मतं. चारशे बारा साहेबांना. तीन विरोधात.

त्या तीन मतांनी त्याचं नाक कापलं. गावकीचा प्रमुख तो. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याने देवळात घरटी एक पुरुष बोलावला आणि प्रत्येकाला नारळावर हात ठेवून आईची शपथ घ्यायला लावली. सगळ्यांचा शिक्का एकाच चिन्हावर, बदल्यात गावाला नळ. गावात गोडं पाणी नव्हतं. पहाटे एक होडी पलीकडच्या काठावरून हंडे भरून आणायची, आणि ओहोटी लागली की तीही चिखलात रुतायची. बौद्धवाडीची विहीर बांधावरून दहा मिनिटांवर होती, पण गाव तिथलं पाणी पीत नसे. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे.

मोजणी झाली आणि दामाजीने सभा बोलावली. तीन मतं कोणाची? दोघं गप्प बसले. ते कोण, हे आजवर कळलेलं नाही. शिक्षा ठरवताना त्यांचेच हात आधी वर गेले असतील, दुसरं काय! तिसरी मात्र उठून उभी राहिली. दामाजीची धाकटी बहीण, चंद्रभागा. ती विधवा. घरात पुरुष नाही, म्हणून शपथेसाठी तिच्या घराला कोणी विचारलंच नव्हतं.

“सगली मतं अशीच देऊन टाकली तर मागं वळून कोन बघनार, दादा?” ती म्हणाली. “कोनीतरी रुसाया पायजे.”

सभा खवळली. बाईला वाळीत टाकायचं ठरलं. नळ येईपर्यंतच, हे दामाजीने मध्ये घातलं. तेवढंच बहिणीसाठी. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न, असं त्याला वाटलं होतं.

वर्ष उलटून गेलं. होडीत चंद्रभागेच्या हंड्याला जागा नव्हती. ती बौद्धवाडीच्या विहिरीवर जायची, आणि तिथल्या रमाबाईने तिला कधी परत पाठवलं नाही. ते सगळं तिने निभावलं. पण मुलीचं, सगुणाचं, जमलेलं लग्न अडकलं. गावकीने हो म्हटल्याशिवाय लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण उंबऱ्यात पाय ठेवत नाही, आणि धवलारणीशिवाय कोळ्याच्या घरची हळद लागत नाही. मुलाकडचे आखातीपर्यंत, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तापर्यंत, थांबायला तयार होते. आखाती नऊ दिवसांवर आली होती. म्हणून दामाजी आज इथे आला होता. काहीही करून नळाची तारीख घेऊन जायचं.

प्रभाकरने नकाशावर बोट ठेवलं. पाइप पडला होता, गेल्याच महिन्यात. गावाच्या अलीकडे, नव्या सोसायट्यांच्या कॉलनीत. ठिपका पिवळा.

दामाजीला कळेना. त्या लोकांनी तर निम्मी मतं विरोधात दिली होती.

“म्हणूनच तर, काका,” प्रभाकर म्हणाला. “तुमचं गाव कुठे पळून जातंय? लालवाल्यांना देऊन उपयोग नाही, हिरव्यांना द्यायची गरज नाही. तुम्ही शंभर मतं इकडची तिकडे केली असती ना, साहेब स्वतः पाइप खांद्यावर घेऊन आले असते.”

त्याने चहा मागवला. दामाजीने कप तसाच बाजूला सारला. वर्षापूर्वी चंद्रभागेने भर सभेत हेच सांगितलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने तिला गप्प बस म्हणणारा तो स्वतः होता. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून. एसटीत बसून त्याने वाक्यं जुळवली. बाई खरं बोलत होती. चूक माझी. तिला आजच आत घ्या.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. चंद्रभागा आणि सगुणा लांब, बांधावर उभ्या होत्या. त्यांना पुढे यायची परवानगी नव्हती. सगुणा नवं पातळ नेसली होती. मामा तारीख घेऊनच येणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

साहेब काय म्हणाले, असं कोणीतरी विचारलं. दामाजीने एकेक तोंड पाहिलं. चारशे बारा मतं याच तोंडांची, आणि त्याच्या शब्दावर फुकट गेलेली. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न एकच येणार होता, शपथ कोणी घ्यायला लावली? त्याने बांधाकडे बघायचं टाळलं. जुळवलेली वाक्यं त्याने गिळली.

“नळ येनार व्हता,” तो म्हणाला. “त्या तीन मतांपायी राह्यला.”